आधी टाच, मग चवडा

आत्या, त्या हिलच्या सँडलचं मी आता करू काय, तेवढं तरी सांगून जायचं होतं. कपाटात साड्यांच्या मागं, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून तुम्हीच ठेवल्यात. कपाट उघडलं की अभ्रा दिसतो आणि माझं डोकं फिरतं. घरात कुणाला दाखवता येत नाहीत, बाहेर कुणाला देता येत नाहीत, आणि मी घालीन म्हटलं तर माझ्या पायाला होत नाहीत. तुमचं पाऊल एवढंसं, पोरीसोरींसारखं. त्या दिवशी जेवलात, 'शीतल, चहाच्या टायमाला उठव गं' म्हणालात आणि आडव्या झालात. चहा उकळला. मी हाक मारली, खांद्याला धरून हलवलं. उठवायला सांगून ठेवायचं आणि मग उठायचं नाही, याला काय म्हणावं?

सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची आपल्याकडची रीत. शेजारच्या काकूंना मात्र नात्याचं खरं नाव घेतल्याशिवाय चैन पडत नाही. 'सासू गेली, आता घर तुझंच बाई,' म्हणाल्या मला. तोंडावर म्हणाल्या! घर माझं झालं म्हणे. मला बोलायला माणूस राहिलं नाही, ते काकूंना कोण सांगणार.

तेराव्याला तर कहर झाला. गुरुजी म्हणाले, गेलेल्या माणसाची वाट काट्याकुट्याची असते, छत्री द्या, चपलांचा जोड द्या. मामांनी बाजारातून साध्या सपाट चपला आणल्या आणि पाटाशेजारी ठेवल्या. मी बघतच राहिले. 'अहो मामा, त्यांची सपाट चपलेची सवय मोडलीय आता,' हे अगदी जिभेवर आलं होतं. अभ्रा उचलून आणावा आणि त्या सँडलच दान द्याव्यात असं क्षणभर वाटलंसुद्धा. मग गुरुजींच्या तोंडाकडं बघितलं आणि गप्प बसले. तेव्हा वर तुम्ही सपाट चपलेवरच गेलात, आत्या. आपली सगळी मेहनत पाण्यात.

आणि ही मेहनत कुणामुळं? त्या परभणीच्या बाईमुळं.

तुमच्या लेकीला, पूजाला बघायला आले होते तेव्हा विहीणबाई अजून विहीण झालेल्या नव्हत्या. चांगल्या उंच बाई, आपल्या स्वयंपाकघराच्या चौकटीतून वाकून आत आल्या. पूजा बाहेर पाहुण्यांत बसलेली. आत तुम्ही, मी, त्या आणि त्यांची बहीण. मी शिऱ्याच्या प्लेटा भरत होते. त्यांनी तुम्हाला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि हसत हसत बहिणीला म्हणाल्या, "बरं झालं बाई, पोरगी बापावर गेलीय. आईवर गेली असती तर आमच्या पोराला खाली बसूनच बोलावं लागलं असतं."

बहीण हसली. तुम्हीसुद्धा हसलात! माझ्या हातातला चमचा पातेल्यावर आपटला, तो मी मुद्दाम आपटला होता, पण कुणी लक्ष दिलं नाही. तुम्ही उलट त्यांनाच आग्रह करायला लागलात, अजून थोडा घ्या, तूप वाढू का.

पाहुणे गेले. तुम्ही मला भांडी घासायच्या दगडापाशी गाठलंत. "शीतल, कुणाला बोलायचं न्हाई. पूजाला तर बिलकुल न्हाई. पोरीचं चांगलं जमायलंय."

"पण आत्या, असं कसं बोलल्या त्या?"

"मस्करीत बोलली. मी हाय तशी हायच की."

विषय संपला असं मला वाटलं. मीच येडी. तुमचा विषय संपल्यासारखा दिसायचा तेव्हाच तो आत शिजत असायचा, हे इतकी वर्षं एका चुलीवर राहून मला कळायला नको होतं का? लग्न ठरलं, सुपारी फुटली, आणि एका दुपारी मी ब्लाऊजला हुक लावत बसलेली असताना तुम्ही मशीनपाशी आलात. इकडंतिकडं बघितलंत. "शीतल, ती हिलची चप्पल तुला घालता येती का गं?"

मला वाटलं, माझ्यासाठी घ्यायची म्हणताय. म्हटलं, "न्हाई बाई, मी कधी घातली न्हाई."

"असं कसं? तू परभणीला शिवणकाम शिकायला व्हतीस की."

आता शिवणकामाच्या क्लासात काय हिल घालून मशीनचा पायटा मारतात का? पण तुमच्या डोक्यात बसलेलं होतं, की परभणीला राहिलेल्या पोरीला हे सगळं येतंच. मी नाही म्हटलं तर तुम्हाला वाटलं, मी टाळायलेय.

मग हळूहळू बाहेर आलं. लग्नात कार्यालयाच्या दारात व्याहीभेट होते. पुरुष एकमेकांना उचलतात, बायका गळाभेट घेतात, आणि हल्ली तो फोटोग्राफर 'थांबा, थांबा, अशाच राहा' म्हणून विहिणींना मिठीत उभं करून ठेवतो. तुम्ही तेवढ्या एका क्षणाचा विचार करून करून झोप उडवून घेतली होती. "गळाभेटीला माझं तोंड तिच्या पोटात घुसंल बग. सगळं मानवत गाव बघंल. फोटो जन्मभर राहतेत. मला तिच्या खांद्याला लागायचंय, बास."

मी चिडलेच. म्हटलं, "आत्या, खांद्याला लागून काय होणार? त्यांना एकदा तोंडावर सांगा, की तुमी बोललात ते बरं न्हाई केलं."

"आन् मग?"

"मग काय, समजंल त्यांना."

"समजत न्हाई, राग येतो. मी एकदा बोलून मोकळी व्हईन, माझी पोरगी रोज तिथं भाकरी थापताना ऐकंल. बोललेलं राहतंय बाई. उंच झालं तर कुणाला काय कळायलंय?"

हे आपलं भांडण तेव्हापासून चालू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, बोला. तुम्ही म्हणायच्या, आधी चालायला शिकव. अहो पण मला तरी कुठं येत होतं?

खरेदीचं तुमचं नाटक आठवलं की अजून कपाळाला हात लावावासा वाटतो. मामांना सांगितलंत, पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायलोत. खोटं बोलायचं नाही म्हणून आधी खरोखर पोखर्णीला गेलो, उन्हात, देवाच्या पाया पडलो, आणि येताना परभणीला उतरलो. दुकानात तुम्हाला एकही चप्पल पसंत पडेना. ही फार टोकदार, ही फार चमकते, ही नाचणाऱ्या बाईसारखी. शेवटी जाड टाचेची, मागं पट्टा असलेली पसंत केलीत, आणि वर माझ्यासाठीही एक जोड घ्यायला लावलात. मी म्हटलं, मला कशाला? तर दुकानदारासमोर म्हणता, "मी एकटीच पडू का?"

त्यानंतर दुपारी मामा शेतात गेले, पूजा तिच्या ऑफिसला गेली, की आपलं दार लागायचं. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून ठेवायचे आणि तुम्हाला शिकवायचे, म्हणजे स्वतः भिंतीला धरून चालत चालत तुम्हाला ओरडायचे. आधी टाच, मग चवडा. गुडघे सरळ. पावलं बारकी. नजर समोर. तुम्ही सगळं उलटं करायच्या. चिखलातून चालल्यासारखं गुडघे वाकवून, पाय उचलून उचलून टाकायच्या. फरशीच्या फटीत टाच अडकली की फरशीला शिव्या द्यायच्या. आणि पहिल्या आठवड्यात पडलं कोण? मी! वळून तुम्हाला दाखवायला गेले आणि माझाच घोटा मुरगळला. हळद गरम करून लावलीत, मान्य आहे. पण लावताना हसत होतात. तोंडाला पदर लावून हसत होतात, मला काय दिसत नव्हतं का?

आवाजाची एक वेगळीच पंचाईत. हिलचा टकटक आवाज शेजारच्या काकूंना जाईल म्हणून तुम्ही मला मशीन चालू ठेवायला लावायच्या. कापड नाही, दोरा नाही, मी आपली रिकामं मशीन हाणत बसायचे. मामांनी एकदा विचारलंच, "दुपारी काय ठोकायलाव घरात? काकू म्हणायलत्या."

तुम्ही भाजी निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "शीतलच्या मशीनला आवाज यायलाय. तेल पायजे तिला." मामांनी दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली आणली. ती अजून तशीच पडून आहे.

आणि ती जोडवी! हिलमध्ये सगळा भार बोटांवर येतो, पुढचा पट्टा जोडव्यांवर दाबतो आणि जोडवी बोटात रुततात. मी म्हटलं, आत्या, तेवढ्यापुरती काढून ठेवा. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जणू मी मामांनाच घराबाहेर काढायला सांगितलं. "जित्तेपणी जोडवी काढू? येडी का खुळी तू?" मग मी माझ्या कापडातली मऊ चिंधी घेऊन रोज तुमच्या बोटांना गुंडाळायचे. खाली बसून, तुमचा पाय मांडीवर घेऊन. तुम्हाला गुदगुल्या व्हायच्या आणि तुम्ही पाय ओढायच्या. मी ओरडायचे. सासवा सुनांवर ओरडतात म्हणे. आपल्या घरात दुपारी उलटा कारभार होता.

खरं सांगू का, तुम्हाला सगळं जमत गेलं, एक नजर सोडून. चार पावलं टाकली की बघितलंच खाली. मी बेजार झाले सांगून सांगून. एकदा तर म्हटलं, "खाली काय ठेवलंय तुमचं? पाय कुठं पळून चाललेत का?"

तुम्ही बाजेवर टेकलात. घाम पुसलात. "नजर समोर ठिवून चालायची सवयच न्हाई गं. नवी नवरी व्हते तवापासून खाली बघूनच चालले. आधी सासूबाईंसाठी, मग सवय म्हणून." आणि लगेच उठलात, "चल, पुन्हा लाव मशीन."

मला त्या वेळी तुमचा राग आला होता की तुमच्या सासूचा, मला सांगता येणार नाही. मी मशीन लावलं.

या मशीनवरून आठवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मशीन कुठं ठेवायचं यावरून केवढं झालं होतं. मामा म्हणाले, ओसरीत बायकांची वर्दळ नको. तुम्ही मामांशी एक शब्द बोलला नाहीत. त्यांच्या देखत स्वतःची बाज उचललीत आणि आत नेलीत. ओसरी रिकामी झाली. "आता ठिव," म्हणालात. माझा धंदा उभा राहिला तो तुमच्या बाजेच्या जागेवर, आत्या. तेव्हाही बोलला नव्हतात तुम्ही. तुमची भांडायची तऱ्हाच अशी, आणि मी तुम्हाला शिकवत होते की तोंडावर बोला म्हणून.

पण मग एक दुपार आली. देवघराच्या दारापासून ओसरीपर्यंत तुम्ही आलात. भिंत धरली नाही, पदर धरला नाही. ओसरीत आलात, वळलात, तेही सरळ, आणि माझ्याकडं बघितलंत. खाली नाही बघितलं. मी ओरडले, "थांबा, थांबा, अशाच राहा!" आणि मोबाईलवर फोटो काढला. तुम्हाला आधी हिल घालून मग साडी नेसवली होती, म्हणून निऱ्या बरोबर फरशीपर्यंत, टाच जराशीच दिसत होती. हनुवटी वर. तोंड मिटून हसत होतात. फोटो दाखवला तर म्हणता, "ही कोण गं बाई?"

त्याच दिवशी माझ्या डोक्यात आलं आणि मीच घाण केली. म्हटलं, "आत्या, दारात नवरदेवाला ओवाळायचं ते तुमीच ओवाळणार ना? ओवाळताना चप्पल काढावी लागते."

तुमचं तोंड एवढंसं झालं. एवढे दिवस दोघींपैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! आपल्याकडं जे जे महत्त्वाचं, ते सगळं पायातलं काढून करायचं असतं. देवक, ओवाळणं, कन्यादान, सगळं. आणि आपण निघालो होतो हिल घालून लग्न जिंकायला.

पण तुम्ही हार मानाल तर त्या तुम्ही कसल्या. "ओवाळायचं तू. गळाभेट मी घेणार. भेटीला चप्पल काढा असं कुठल्या पोथीत लिव्हलंय?"

"पोथीत नसंल, पण लोक काय म्हणतील?"

"लोकायला निऱ्यांच्या आत कोण बघायला सांगितलंय?"

मी म्हटलं, ओवाळणं आईचा मान आहे, तो मी घेणार नाही. तुम्ही म्हणालात, घ्यावाच लागंल. आपलं ठरलंच नाही, आत्या. उद्या बघू म्हणालात. आणि आता ते कसं ठरलं बघा. मामा एकटे कन्यादानाला बसू शकत नाहीत, म्हणून तुमचा लेक आणि मी बसणार. लग्न वर्षाच्या आतच उरकायचं ठरलंय. ओवाळायचंही मी, आणि दारात त्या बाईची गळाभेटही मीच घ्यायची. वाद जिंकायचा म्हणून माणूस एवढं टोकाला जातं का हो?

तुम्हाला शेवटचं न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली. बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची. मी पायाशी बसले होते. कुणीतरी म्हणालं, "हे बोटाला काय बांधलंय हिनं? लागलंबिगलं का?" त्या दुपारी जेवणाआधी बांधलेली माझी चिंधी होती, गुलाबी, सोडायची राहिलेली. मी म्हटलं, हो, लागलं होतं. आणि मी ती सोडली नाही. जोडव्यांखाली तशीच राहू दिली. त्या एका गोष्टीसाठी मी सगळ्या बायकांशी भांडायला तयार होते, पण कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मग भिंतीवर लावायला फोटो शोधायला लागलो तर घरात तुमचा एक धड फोटो नाही. लग्नाच्या फोटोत मामांच्या कोपराशी फक्त मुंडावळ्या दिसतात. बाकी सगळ्यांत तुम्ही मागं, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यामागून अर्ध्या. शेवटी मी माझा मोबाईल पुढं केला. मामा त्या फोटोकडं बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "हे पायात काय हाय?"

मी म्हटलं, "चप्पल."

"हार घालायच्या फोटोत चप्पल चालत न्हाई. खालचं कापाय लाव." आणखी काही विचारलं नाही त्यांनी. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मलाही माहीत नाही. स्टुडिओवाल्यानं कमरेपासून खालचं कापलं आणि फ्रेम करून दिली. पूजा फ्रेम हातात घेऊन म्हणाली, "वहिनी, आई यात येगळीच दिसायलीय गं. उंच वाटायलीय." आणि मोठ्यानं रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं आणि दातावर दात दाबून बसले. केवढं कठीण काम देऊन गेलात मला.

तुमच्या लेकानं फोटो लावला तोही आपल्या अकलेनं. ट्यूबच्याही वर, थेट छताजवळ. हार बदलायला मला रोज स्टूल आणावं लागतं. मी म्हटलं, एवढा वर कशाला? तर म्हणाला, तिथं आधीचाच खिळा होता. बापलेक एका माळेचे मणी.

परवा विहीणबाई आल्या. मातीला गर्दीत येऊन गेल्या होत्या, आता निवांत भेटायला आल्या. मी ठरवलं होतं, आज बोलायचंच. आता आत्या नाहीत, मला कोण अडवणार? पण त्या आल्या त्या पूजाला पोटाशी धरूनच बसल्या. रडल्या हो त्या. खरंच रडल्या, नाक लाल होईपर्यंत. मला तेच आवडलं नाही. पूजानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलेलं, त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि म्हणाल्या काय? "अंगानं एवढीशी बाई, पण घर कसं धरून ठेवलं होतं."

एवढीशी! पुन्हा तेच! त्यांना स्वयंपाकघरातलं ते बोलणं आठवतसुद्धा नसणार, आत्या. ज्या वाक्यापायी तुम्ही बोटं सोलून घेतलीत, ते त्यांनी चौकट ओलांडतानाच टाकून दिलं असणार. आता बोलतेच म्हणून मी तोंड उघडलं. पूजाकडं बघितलं. ती त्यांच्या पदरानं डोळे पुसत होती. मी चहा आणायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण मी बोलले नाही.

निघताना विहीणबाई तुमच्या फोटोपाशी थांबल्या. एवढ्या उंच बाई, पण मान पार मागं टाकावी लागली त्यांना. टाचा उचलून बघायला लागल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "लय वर लावलाय गं बाई फोटो. जरा खाली घ्या की. बघायला मान वर करावी लागायलीय."

घरातले सगळे तिथंच होते. मामा म्हणाले, "हां, घेऊ की खाली."

"न्हाई मामा," मी म्हटलं. माझा आवाज जरा मोठाच निघाला. "राहू द्या मावशी, तिथंच बरा हाय. आत्यांना तसंच पायजे होतं."

विहीणबाईंना काय कळलं, काय नाही, कुणास ठाऊक. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, पुन्हा मान वर केली आणि हात जोडले. मी तुमच्याकडं बघितलं. वाटलं, आता तरी बघाल खाली त्यांच्याकडं. तुमची नजर समोरच. तेवढं एक मात्र नीट शिकलात बाई.